वाळलेला हात पुन्हा उघडतो



‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटले की सिनेमातल्या नटनट्या आठवतात. देवाने दिलेला चेहरा बदलावा का, असे मंडळीत कोणीतरी विचारतेच. त्यामागे आणखी एक प्रश्न असतो: आदिवासींसाठी दिलेले दान अशा शस्त्रक्रियांकडे का वळवायचे? प्रश्न रास्त आहे, म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

या शब्दातले ‘प्लास्टिक’ म्हणजे बादलीचे प्लास्टिक नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणे, घडवणे. आणि ही विद्या आपल्याला परकी नाही. टिपूबरोबरच्या १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला व त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकिकत छापून आली, आणि इंग्रज डॉक्टर त्यातून शिकले. ती हौस नव्हती. नाक गेलेल्या माणसाला चारचौघांत उभे राहता यावे, एवढीच त्यामागची गरज होती.

आपल्या पाड्यांवर ही गरज आजही आहे, आणि तिचे एक मोठे कारण कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एक रुग्णाच्या खाली आले. पण ती सरासरी झाली. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, पालघर या जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात. बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो आणि औषध मोफत मिळते. मात्र उपचाराला उशीर झाला तर नसा निकामी होतात. जंतू मरतात, पण वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

इथे डॉ. पॉल ब्रँड यांची आठवण केलीच पाहिजे. तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, आदिवासींमध्ये काम करणाऱ्या मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली त्यांचा जन्म झाला. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात मांस आपोआप सडून बोटे झडतात, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी बारकाईने पाहिले, तेव्हा दिसले की संवेदना गेल्यामुळे रुग्णाला भाजलेले, कापलेले कळत नाही. रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडत, तरी जाग येत नसे. झीज होते ती अशा न कळलेल्या जखमांमुळे.

मग त्यांनी हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. कोपराजवळची नस बिघडली की तळहातातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे नखीसारखी वळतात. पण कोपराखालचे काही स्नायू शाबूत असतात. अशा एका चांगल्या स्नायूचा कंडरा घेऊन त्याचे चार पदर करायचे आणि ते चार बोटांना जोडायचे, म्हणजे बोटे पुन्हा उघडतात. पाऊल लोंबत असेल तर पायातला कंडरा अशाच रीतीने पुढे वळवता येतो. मिटत नसलेल्या पापणीवरही शस्त्रक्रिया होते, त्यामुळे डोळा वाचतो.

यानंतरचा अनुभव आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. हात सुधारलेले लोक काम मागायला गेले, पण बसके नाक आणि गेलेल्या भुवया पाहून त्यांना कोणी उभे करीना. म्हणून वेल्लोरला नाके आणि भुवयाही घडवू लागले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनीही कुष्ठबाधितांसाठी असेच मोठे काम उभे केले. भुवया म्हणजे सजावट खरी, पण त्या माणसाला ती सजावट रोजगाराइतकीच मोलाची होती.

आता अडचणींकडे येतो. या शस्त्रक्रियेने हालचाल परत येते, संवेदना येत नाही. सुधारलेला हातही चुलीवर भाजतो. म्हणून फडक्याने भांडे धरणे, रोज हातपाय तपासणे आणि मऊ तळव्याची चप्पल वापरणे जन्मभर चालू ठेवावे लागते. शस्त्रक्रियेआधी सांधे मोकळे असावे लागतात. नंतर साधारण तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये राहतो, आणि पुढे काही आठवडे व्यायाम. नव्या जागी बसवलेल्या स्नायूला नवे काम शिकवावे लागते. व्यायाम अर्धवट सोडला तर शस्त्रक्रियेचा फायदा हातचा जातो.

नेमके इथेच आपले लोक मागे फिरतात. भातलावणी तोंडावर, घरी लहान मुले, आणि मजुरी बुडाली तर चूल पेटायची कशी? सरकारी कार्यक्रमात बुडालेल्या मजुरीपोटी रक्कम मिळते, पण त्यासाठी कागदपत्रे लागतात आणि रुग्णालयात कोणी सोबत लागते. मेळघाटच्या पायथ्याशी कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. पण रुग्णालय असले तरी पाड्यावरून तिथवर पोहोचणे, आणि तिथे टिकून राहणे, हे वेगळे काम आहे. आपले दान तिथे लागते: गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, मागे राहिलेल्या घराला महिनाभराचा शिधा.

शेवटची गोष्ट पैशाने होणारी नाही. वाळलेल्या हाताच्या माणसाला प्रभू येशूने सभास्थानात, सगळ्यांच्या मध्ये उभे केले. कुष्ठरोग्याला शब्दाने बरे करता आले असते, तरी त्याने हात लावला. सर्जन बोटे उघडून देईल. त्या हातात हात देणे मात्र मंडळीचे काम आहे. उपचार झालेला माणूस उपासनेला आला तर त्याला शेवटच्या बाकावर एकटा बसू देऊ नका. प्रभुभोजनाच्या वेळी त्याच्या शेजारी उभे राहा.

आणि पाड्यावर कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर त्याला लगेच आरोग्य केंद्रात न्या. वेळेवर औषध मिळाले, तर या शस्त्रक्रियेची वेळच येणार नाही. प्रभू आपल्या हातांना हे काम करण्याचे बळ देवो. आमेन.