उसना चेहरा, वेगळा खेळ

१९ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या पॉकेटपेअर कंपनीचा ‘पालवर्ल्ड’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि ‘ही तर पोकेमॉनची नक्कल’ अशी ओरड झाली. त्यातले प्राणी पाहिले की तसं वाटतंही. पण अद्भुत प्राण्यांना आपल्या बाजूला वळवण्याची कल्पना १९९६च्या पोकेमॉनचीही स्वतःची नव्हती. १९९२च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’मध्ये ती होतीच.

माझ्या मते अस्सलपणा चेहऱ्यात नव्हे, तर खेळणाऱ्याला काय करावं लागतं त्यात शोधावा. पोकेमॉनमध्ये पकडलेला प्राणी मुख्यतः झुंजतो. पालवर्ल्डमध्ये तो लाकडं तोडतो, दगड फोडतो, भट्टी पेटवतो. उपाशी ठेवून राबवला तर आजारी पडतो. आपण सोबती जमवतोय की वेठबिगार, हा प्रश्न खेळणाऱ्यापुढे उभा राहतो.

सप्टेंबर २०२४मध्ये निन्टेन्डो आणि पोकेमॉन कंपनीने टोकियोच्या न्यायालयात दावा लावला, तोही चेहऱ्यांवरून नाही, खेळाच्या रीतींवरच्या पेटंटवरून! नोव्हेंबरात पालवर्ल्डने गोळा फेकून प्राणी बाहेर काढण्याची रीत बदललीही.

तेव्हा घरातल्या मुलांना ‘हे कुणाचं उचललं?’ एवढंच विचारू नका. ‘यात तुला काय ठरवावं लागतं?’ हेही विचारा.