आधी ऐकू येते, मग दिसते
(फतेगंज, बडोदे येथे शिक्षक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



इथून जवळच असलेले आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. त्याच वर्षी कमाल अमरोहींचा ‘महल’ पडद्यावर आला. भयपटाची सुरुवात कशी बांधावी, हे शिकायला मी अजूनही त्याच्याकडे जातो.

वादळी रात्र. जुन्या वाड्यात नवा मालक येतो. माळी त्याला तिथल्या अधुऱ्या प्रेमाची गोष्ट सांगतो. मग घड्याळाचे टोले पडतात आणि कुठूनसा बाईचा आवाज येतो. बाई मात्र सहजी हाती लागत नाही. छायालेखक जोसेफ विर्शिंग यांनी उजेड फार जपून वापरला आहे. चेहऱ्याचा थोडा भाग उजळतो, बाकीचे दालन काळोखात राहते. त्या थोड्या उजेडामुळेच उरलेला काळोख किती मोठा आहे, हे कळते.

खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाण्याची सुरुवात दुरून येत असल्यासारखी वाटायला हवी होती. त्यासाठी लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, हा किस्सा प्रसिद्ध आहे. ते अंतर खरोखरच चालून आलेले आहे. आणि पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ‘कामिनी’, म्हणजे पात्राचेच. आवाज सर्वांनी ऐकला. तो कोणाचा, हे श्रोते विचारत राहिले.

आता आपल्या भाषेच्या जवळचे उदाहरण. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत बोलतो. पण त्याचे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले आणि बीज नारायण धारपांच्या कथेतून. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने बर्व्यांना ती कथा सांगितली आणि ते हादरून गेले. धारपांची कथा मुळात स्टीफन किंगच्या कथेवरून घेतलेली. म्हणजे इंग्रजीतून मराठीत आलेली भीती शेवटी तोंडी सांगण्यातून सिनेमापर्यंत पोचली.

चित्रपटाची सुरुवातही तशीच आहे. बाप मुलाला हस्तरची गोष्ट सांगतो. मग १९१८ सालचे पावसाळी कोकण. पंकज कुमार यांच्या छायालेखनात बाहेर ढगाळ, ओला उजेड, घरात दिव्यापुरता. साखळीने जखडलेली म्हातारी नीट दिसण्याआधी तिची धास्ती घरातल्यांच्या बोलण्यातून आपल्यापर्यंत येते. तिला निजवायचा उपाय तरी काय? हस्तरचे नाव घेणे. म्हणजे पुन्हा आवाजच.

हे मी भाषेच्या व्यासपीठावर का सांगतो आहे? बडोद्यातल्या पुष्कळ घरांत मराठी आज कानापुरती उरली आहे. मुले आजीचे ऐकतात, पण शाळेत गुजराती नाही तर इंग्रजी वाचतात. अशा मुलांच्या हाती थेट धडा दिला की ती मिटून जातात. म्हणून मी एकदा वर्गाच्या खिडक्या लावल्या, एकच दिवा ठेवला आणि धारपांची एक कथा मोठ्याने वाचली. नंतर सांगितले : एक भीतीचे वाक्य लिहा, पण ‘भूत’ हा शब्द नको. एका मुलीने लिहिले : ‘स्वयंपाकघरात पाट सरकला. आजी तर गावाला गेली होती.’

वाक्य मराठी होते, लिपी गुजराती. मी लिपीला लाल शाई लावली नाही. पुढच्या आठवड्यात तिने धारपांचे पुस्तक मागून नेले.