आंतरजालावरील संदर्भ आणि दोन पुसेगावे



हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावचा एखादा विद्यार्थी आपल्या गावावर प्रकल्प लिहावयास बसतो, तेव्हा पहिली अडचण गावाच्या नावातच उभी राहते. संगणकावर ‘पुसेगाव’ ही चार अक्षरे उमटविली की समोर येतो तो अनेकदा सातारा जिल्ह्यातील, खटाव तालुक्यातील पुसेगावचा मजकूर : सेवागिरी महाराजांचे देवस्थान, तेथील यात्रा, रथोत्सव. घाईने उतरवून घेणाऱ्याच्या वहीत साताऱ्याची यात्रा मराठवाड्यात येऊन बसण्यास मग वेळ लागत नाही. खाली संदर्भ म्हणून ‘गूगल’ एवढाच शब्द असला, तर चूक कोठे झाली हे तपासणाऱ्या प्राध्यापकांनाही सापडत नाही.

‘संदर्भ : गूगल’ असे लिहिणे म्हणजे ग्रंथालयातील पुस्तकाचा संदर्भ म्हणून कपाटाचे नाव देण्यासारखे होय. शोधयंत्र मजकूर कोठे आहे ते दाखविते. तो लिहिणारा निराळाच असतो. त्याचे नाव, लेखनाचे वर्ष, लेखाचे शीर्षक, संकेतस्थळाचे वा प्रकाशक संस्थेचे नाव, त्या पृष्ठाचा संपूर्ण दुवा आणि ते पाहिल्याची तारीख, इतका तपशील नोंदीत असावयास हवा. लेखक आढळत नसेल तर संस्थेचे नाव प्रथम येते. वर्ष मिळत नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने घालू नये. मराठी विश्वकोशातील नोंद वाचणारे पुष्कळ विद्यार्थी ‘मराठी विश्वकोश’ एवढेच लिहून थांबतात. वस्तुतः नोंदीच्या अखेरीस बहुधा तिच्या लेखकाचे नाव दिलेले असते, आणि त्या श्रमांचे श्रेय त्यालाच मिळाले पाहिजे. मराठी विकिपीडियाची गोष्ट वेगळी. तेथील लेख कोणीही, केव्हाही बदलू शकतो. म्हणून तेथे दिलेल्या मूळ आधारापर्यंत जाणे श्रेयस्कर. तोच लेख उद्धृत करणे भाग पडले, तर त्याच्या इतिहासातून त्या विशिष्ट आवृत्तीचा कायम दुवा घ्यावा.

जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रतींबाबत अधिक सावध राहावे लागते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९६७ सालच्या जिल्हा गॅझेटियरमध्ये किंवा १९९१ च्या जनगणनेत या पुसेगावची माहिती परभणी जिल्ह्याखाली शोधावी लागते. १९५६ पूर्वीची कागदपत्रे तर हैदराबाद राज्याची. संदर्भात मूळ प्रकाशनाचे वर्ष आणि संकेतस्थळावर पाहिल्याची तारीख ही दोन्ही न दिल्यास १९६७ चे वर्णन आजचे म्हणून वाचले जाते. छापील पृष्ठांचीच छायाप्रत असेल तर पृष्ठांक द्यावा. पृष्ठांक नसलेल्या मजकुरासाठी उपशीर्षक पुरते.

संकेतस्थळे नाहीशी होतात, हेही ध्यानी ठेवावे. कार्यालय संकेतस्थळाची रचना बदलते आणि जुना दुवा रिकाम्या पृष्ठावर नेऊन सोडतो. पाहिल्याची तारीख मागितली जाते ती याचसाठी. १९९६ पासून जुनी संकेतस्थळे जतन करणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये पृष्ठाची प्रत ठेवून तिचा दुवा देता येतो. शोधनिबंधास डीओआय हा कायम क्रमांक असेल, तर साध्या दुव्यापेक्षा तोच द्यावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम प्रबंधांतील उचलेगिरीबाबत कडक आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन, ६० टक्क्यांपर्यंत एक वर्षाची मनाई, आणि त्याहून अधिक असल्यास नोंदणी रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या गणनेतून वगळला जातो. पदवीच्या वर्गातील प्रकल्पास हे विनियम लागू नाहीत. पण सवय तेथेच जडते. प्रश्नाचे उत्तर रचून देणारी नवी यंत्रे तर कधी कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावेही आत्मविश्वासाने सांगतात. जो ग्रंथ वा लेख विद्यार्थ्याने स्वतः उघडून वाचला नाही, तो त्याच्या यादीत असता कामा नये.

पुसेगावच्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट करावी लागेल. आंतरजालावर जे मिळत नाही, ते ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि गावातील वृद्धांच्या स्मरणात असू शकते. मुलाखत घेतल्यास सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, तसेच दिनांक व ठिकाण लिहावे. ठिकाण लिहिताना मात्र नुसते ‘पुसेगाव’ नको, ‘पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली’ असे पूर्ण लिहावे.