हेल्मेटची काच आणि आक्कांचा हात



मी भुदरगड तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी बोलायला आले की कर्ज, हप्ता, व्याज हेच निघतं. आज त्यातलं काही नाही. आज बोलायचं आहे हेल्मेटच्या काचेबद्दल. हसू नका. त्या काचेपायी आमच्या गटातल्या एका बाईची अख्खी रोपलावण हातची गेली, आणि गाडी मी चालवत होते.

दोन वर्षांपूर्वीचा जुलै महिना. गारगोटीत बँकेचं काम उरकून मी आणि गटाच्या कोषाध्यक्ष आक्का स्कूटीवरून परत निघालो. पाऊस नुसता ओतत होता. चढाला गाडी हळू झाली आणि काचेवर आतून वाफ धरली. काच वर करावी तर थेंब डोळ्यांत सुयांसारखे टोचायचे. खाली करावी तर समोर सगळं पांढरं. तेवढ्यात शेजारून ट्रक गेला, काचेवर चिखल उडाला. मी रेनकोटच्या बाहीनं पुसला, तर तो आणखीच पसरला.

"थांब की गं जरा," आक्का मागून म्हणाल्या.

"आलंच की आता गाव," मी म्हटलं.

पुढचा खड्डा मला दिसलाच नाही. माझा गुडघा सोलवटला. आक्कांचं मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. त्यांच्या वावरातली लावण गटातल्या बायकांनी मिळून केली, पण दुसऱ्यांच्या रानात जाऊन मिळणारी त्यांची मजुरी बुडाली ती बुडालीच. आक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मग मी नीट विचार केला. पाऊस तर दरसाल येतो. मला आंधळं केलं ते माझ्याच श्वासानं. आपला श्वास गरम आणि ओलसर, काच पावसानं गार. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच हे. त्यात आपण तोंडाला स्कार्फ घट्ट बांधतो. मग श्वासाला बाहेर पडायला वाट राहते ती नाकाजवळून वर, थेट काचेवर. म्हणून पावसात स्कार्फ नाकावरून खाली घ्या, किंवा हनुवटीपाशी सैल ठेवा. काच एक खटका उघडी ठेवा, वारा आत खेळला की वाफ कमी धरते. चढाला किंवा गर्दीत गाडी हळू झाली की वाफ हमखास धरते, तेव्हा आधीच काच जराशी उघडा. हेल्मेटचं आतलं अस्तर ओलं असेल तरी वाफ वाढते. घरी आल्यावर ते वाऱ्यावर वाळवा, चुलीजवळ ठेवू नका.

दुसरी गोष्ट, घरातलाच उपाय. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एकच थेंब ओल्या बोटावर घ्या आणि काचेला आतून सगळीकडे चोळा. वाळू द्या. मग मऊ कोरड्या फडक्यानं, काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसा. साबणाचा अगदी पातळ थर राहतो, त्यावर पाण्याचे बारीक थेंब जमत नाहीत आणि समोरचं दिसत राहतं. साबण जास्त राहिला तर ओघळून डोळ्यांत जाईल, म्हणून थेंब एकच. हा उपाय फार दिवस टिकत नाही, पावसाळ्यात पुन्हा पुन्हा करावा लागतो. काही नव्या काचांना आतून वाफ न धरणारा थर कंपनीनंच दिलेला असतो. तिथं साबण चोळू नका, नुसतं पाणी आणि मऊ फडकं पुरे.

तिसरी गोष्ट, काच पुसायची कशी. ही काच म्हणजे खरं तर प्लॅस्टिक. राख, घासणी, टूथपेस्ट यांनी तिच्यावर चरे पडतात. पेट्रोल, रॉकेल, थिनर तर लावूच नका, काच धुरकट होते, तडकतेसुद्धा. वाळलेला चिखल खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर घालून ठेवा, चिखल भिजला की पाणी ओतून काढा. जुनी सुती बनियन पुसायला उत्तम. तिचा एक तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या डिक्कीत ठेवा. चालत्या गाडीवर काच पुसायचीच झाली तर डाव्या हातानं, उजवा हात ॲक्सिलरेटरवरच राहू द्या.

चरे पडलेल्या काचेतून दिवसा चालून जातं. रात्री समोरून गाडीचा उजेड आला की प्रत्येक चरा चमकतो आणि रस्ता दिसेनासा होतो. अशी काच बदला. बऱ्याच हेल्मेटची नुसती काच वेगळी मिळते. काळी काच पावसात आणि अंधारात वापरू नका. ज्यांच्या मोटारसायकलला पुढं मोठी काच बसवलेली आहे, त्यांनीही ती अशीच पुसावी, आणि पावसात तिच्यातून न बघता तिच्यावरून बघावं.

आणखी एक. त्या दिवशी आक्कांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मनगटावर निभावलं, हे नशीब. कायद्यानं मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं. घेताना आयएसआयची खूण बघून घ्या.

आता आमच्या गटात एक नियम आहे. मागे बसलेल्या बाईनं खांद्यावर थाप मारली की गाडी थांबलीच पाहिजे. का, कशाला, विचारायचं नाही. गाडी रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी घ्यायची, वीज कडाडत असेल तर झाडाखाली नाही. काच पुसायची, मग निघायचं. बैठकीला उशीर झाला तर बैठक थांबते.

आक्का आजही माझ्या मागे बसतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी चारदा थाप मारली. चारही वेळा मी थांबले.