चौकटीतून पडद्यावर

(नाशिक येथील एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘चित्रकथांवरील उत्तम चित्रपट’ हा विषय दिला, तेव्हा समोरच्या काही ज्येष्ठांच्या चेहऱ्यावर हलके स्मित उमटले. पोराटोरांचा विषय प्रौढांच्या व्यासपीठावर कशासाठी, असा त्याचा अर्थ असावा. परंतु ज्या गावात आपण बसलो आहोत, त्या गावाला तरी हा विषय परका नाही.

दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली याच नाशिकात त्यांनी देह ठेवला. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते मुद्रण व्यवसायात होते. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले होते. घरोघरच्या भिंतींवर जी देवादिकांची चित्रे लागली, ती कशी घडतात, हे त्यांनी जवळून पाहिले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला संसार आणि आपले काम नाशिकला आणले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी श्रीकृष्ण झाली. कथेला आरंभ होण्यापूर्वी ही चिमुरडी पडद्यावर केवळ चेहऱ्याने निरनिराळे भाव दाखवते आणि मग कृष्णरूपात प्रकटते. फाळक्यांनी असे का केले असावे? मला वाटते, कृष्णाचे चित्र प्रेक्षकांच्या मनात आधीच ठसलेले होते. त्या परिचित चित्राला जिवंत मुलाचा चेहरा लाभणार आहे, यासाठी त्यांनी प्रेक्षकाला तयार केले. छापील चित्र पडद्यावर आणताना आजच्या दिग्दर्शकापुढेही हीच अडचण असते.

छापील चित्र स्थिर असते. त्याला आवाज नसतो, चाल नसते. दोन चौकटींमध्ये काय घडले, हे चित्रकार काढत नाही, वाचक मनाने जोडतो. म्हणजे चित्रकथेचा निम्मा भाग वाचकाने घडवलेला असतो. चित्रपटात तो सारा भाग दिग्दर्शकाला भरावा लागतो आणि तिथेच त्याची कसोटी लागते. वेशभूषा हुबेहूब जमली म्हणजे रूपांतर जमले, असे मानणे ही मोठी गफलत आहे.

एक उदाहरण देतो. आमच्या लहानपणी पंचवटीत पुस्तके भाड्याने देणारे एक दुकान होते. तिथून आणलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आम्ही भावंडे हिसकाहिसकी करून वाचत असू. त्यातला वेताळ आम्हाला परदेशी कधी वाटलाच नाही. इंग्रजीतला फँटम मराठीत वेताळ झाला आणि घरचाच झाला. ली फॉक यांनी १९३६ साली निर्मिलेल्या या नायकावर १९९६ साली हॉलिवूडने चित्रपट काढला. कवटीची अंगठी होती, घोडा होता, लांडगा होता. तरीही चित्रपट पडला. मला त्यात एक छोटी गोष्ट खटकली. चित्रकथेत वेताळाचे डोळे कधीही दिसत नाहीत. मुखवट्यात नुसत्या दोन पांढऱ्या खाचा असतात. तो चालता-बोलता दंतकथा वाटतो तो त्यामुळेच. पडद्यावर मात्र मुखवट्यातून एका देखण्या नटाचे डोळे आपल्याकडे पाहत होते आणि आमचा वेताळ हरवला होता.

याच्या उलट १९७८ चा ‘सुपरमॅन’ पाहा. मूळ कथेत एक उघड अडचण आहे. नायक केवळ चष्मा लावतो आणि त्याला कोणी ओळखत नाही. कागदावर हे खपून जाते, कारण चित्रात चष्मा म्हणजेच वेगळा माणूस. पडद्यावर हे कसे पटावे? दिग्दर्शक रिचर्ड डॉनर आणि नट ख्रिस्तोफर रीव्ह यांनी त्याचे उत्तर अभिनयात शोधले. एका प्रसंगात रीव्ह चष्मा काढतो, वाकलेली पाठ ताठ करतो, त्याचा आवाज बदलतो आणि क्षणभर तिथे दुसराच पुरुष उभा असतो. पुन्हा चष्मा लावताच तो पूर्ववत बुजरा होतो. चित्रकाराने एका रेषेत सांगितलेली गोष्ट नटाने पाठीच्या कण्यातून सांगितली. याला मी रूपांतर म्हणतो.

तिसरा मार्ग रेषा न सोडण्याचा. इराणी लेखिका मार्जान सत्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’ या आपल्या आत्मकथनात्मक चित्रकथेवर २००७ साली चित्रपट केला, तोही बहुतांशी काळ्या-पांढऱ्या रेखाटनांतच. त्यामुळे तेहरानमधल्या त्या मुलीची कहाणी कोणत्याही देशातल्या मुलीची होऊ शकली. २०१८ सालच्या ‘स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स’ने तर छपाईचे ठिपके आणि चौकटीही पडद्यावर आणल्या आणि ऑस्कर मिळवले. २०२३ साली त्याच्या पुढच्या भागात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आला. तो भाग भारतात मराठीसह अनेक भाषांत प्रदर्शित झाला. तोही एकाएकी आला नाही. त्याची चित्रकथा २००४ सालीच निघाली होती.

आता आपल्या घराकडे वळू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये अवतरला. इन मीन तीन-चार चौकटी, पण सकाळी वर्तमानपत्र आले की आधी चिंटू पाहायचा आणि मग पहिले पान, ही कित्येक घरांतली रीत झाली. चिंटूला अद्भुत शक्ती नाही. आई, पप्पा, मिनी, पप्पू, बगळ्या एवढेच त्याचे विश्व. २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर चित्रपट केला. शुभंकर अत्रे चिंटू झाला, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्याचे आई-वडील. पुढच्याच वर्षी ‘चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा’ही आला.

हे काम सोपे नव्हते. चिंटूची गंमत शेवटच्या चौकटीतल्या एका उत्तरात असते. तिला दोन तासांचा विस्तार देणे म्हणजे चिमूटभर मिठाने हंडाभर आमटी करण्यासारखे. तिथे कथानक काहीसे ताणले गेले, हे मान्य केले पाहिजे. परंतु गोडबोले आणि देशपांडे हे पुण्याच्या ‘ग्रिप्स’ बालनाट्य चळवळीतले. मुलांशी लाडेलाडे बोलायचे नाही, त्यांचे प्रश्न खरे मानायचे, ही शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. म्हणूनच खेळायची जागा हातची जाणे हे या चित्रपटात मुलांच्या दृष्टीने खरेखुरे संकट ठरते. आपल्या नाशिकात मोकळ्या भूखंडांवर किती इमारती उभ्या राहिल्या ते आठवा. ते संकट आपल्याही परिचयाचे आहे.

आणखी एक हिशेब लक्षात घ्यावा. सुपरमॅन छापला गेला १९३८ साली. डॉनरचा चित्रपट त्यानंतर चाळीस वर्षांनी आला. बेल्जियमचा टिनटिन १९२९ चा. स्टीव्हन स्पीलबर्गचा चित्रपट २०११ चा. चिंटूला एकवीस वर्षे लागली. असा चित्रपट पैशातून उभा राहतो हे खरे, पण त्याआधी एका पिढीने ती चित्रकथा मनापासून वाचलेली असावी लागते. वेताळाच्या बाबतीत ते प्रेमही पुरले नाही, हे आपण पाहिलेच. पण ज्या समाजात ते प्रेमच नाही, तिथे रूपांतर करायचे तरी कशाचे?

‘इंद्रजाल’ १९९० साली बंद पडले. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्रकथे’साठी पुण्याच्या प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांनी केलेले काम आज किती घरांत सापडेल? परदेशी नायक आपल्या मुलांना आवडतात याचा मला विषाद नाही. मलाही वेताळ आवडला होता. विषाद याचा आहे की, त्यांच्या शेजारी बसायला आपण मराठी नायक फारसे पाठवत नाही. आपल्या वाचनालयांनी मराठी चित्रकथांसाठी एक फळी राखावी, दिवाळी अंकांच्या संपादकांनी तरुण चित्रकारांना मानधनासह चार पाने द्यावीत आणि आपण पालकांनी ती विकत घ्यावीत. आज आठ वर्षांचे मूल जी चित्रकथा उराशी धरून झोपेल, तिच्यावरचा चित्रपट तेच मूल मोठेपणी काढील.

फाळक्यांच्या गावात एवढेच मागणे मांडतो आणि आपली रजा घेतो.