पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेली बाई

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरचा कोणी विद्वान वक्ता बोलवावा असा आपला आजवरचा शिरस्ता. यंदा तो मान घरच्याच माणसाला द्यावा असे कार्यकारिणीने ठरवले आणि 'युरोपातील धाडसी दर्यावर्दी' हा विषयही नेमून दिला. मी हो म्हटले खरे. पण घरी येऊन पुस्तके काढून बसले, तेव्हा शाळेत घोकलेली तीच नावे पुन्हा समोर आली. १४९२ साली कोलंबस, १४९८ साली वास्को द गामा, १५१९ साली मॅगेलन. मॅगेलन पाच जहाजे घेऊन निघाला, वाटेत फिलिपाइन्स बेटांवर मारला गेला, आणि १५२२ साली एल्कानो हा त्याचा सहकारी एकच जहाज व अठरा माणसे घेऊन स्पेनला परतला. पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा झाली ती अशी.

वाचता वाचता माझ्या मनात आले, इतकी जहाजे गेली, तीन-तीन वर्षे समुद्रावर राहिली, त्यांत बाई म्हणून एकही नसेल का? शोधू लागले आणि एक सापडली. आज तिचीच हकीकत सांगणार आहे. दिलेल्या विषयाला थोडी बगल देते आहे, त्याची क्षमा असावी.

आपल्या सभागृहाच्या फाटकावर बोगनवेल चढली आहे, ती येताना आपण सर्वांनी पाहिलीच. हे नाव कोठून आले याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. बूगांव्हील नावाचा फ्रेंच नौकानायक होता. त्याच्या सफरीत ही वेल दक्षिण अमेरिकेत, ब्राझीलच्या किनाऱ्यावर, फ्रेंचांच्या हाती लागली आणि तिला त्याचे नाव मिळाले. त्याच सफरीत झान बारे होती.

झानचा जन्म १७४० साली फ्रान्समधील बर्गंडी प्रांतातल्या एका खेड्यात झाला. बाप रोजंदारीवरचा मजूर. पुढे ती फिलिबेर कॉमेर्सों नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या घरी कामाला राहिली. तो विधुर होता. स्वयंपाकपाणी, झाडलोट हे तर तिने केलेच. शिवाय पाने-फुले गोळा करणे, ती कागदात दाबून वाळवणे, चिठ्ठ्या लावून ठेवणे हेही काम तिच्या अंगवळणी पडले. १७६४ साली दोघे पॅरिसला आली. त्या वर्षीच्या डिसेंबरात झानला मुलगा झाला. बापाचे नाव तिने सांगितले नाही. मूल अनाथालयात द्यावे लागले आणि काही महिन्यांतच ते गेले. सरकारी दप्तरात याच्या चार ओळी आहेत. त्या चार ओळींमागे काय होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

पुढे फ्रान्सच्या राजाने बूगांव्हीलला पृथ्वीप्रदक्षिणेला पाठवायचे ठरवले आणि बरोबर वनस्पतींचा जाणकार म्हणून कॉमेर्सोंची नेमणूक झाली. त्याची प्रकृती तोळामासा, पायाला जुनी जखम. सोबत नोकर नेण्याची त्याला मुभा होती. पण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला पाऊल ठेवायला १६८९ सालच्या हुकुमाने बंदी. तेव्हा रोशफोर बंदरात १७६७ च्या सुरुवातीला एत्वाल नावाच्या जहाजावर कॉमेर्सोंचा नोकर म्हणून जो 'झां' नावाचा तरुण चढला, तो म्हणजे पुरुषवेषातली झान. बाईच्या नावात आणि पुरुषाच्या नावात उच्चाराचा एवढाच काय तो फरक!

भगिनींनो, हे जहाज फार मोठे नव्हते आणि त्यावर शंभराहून अधिक पुरुष होते. आपण बायका एसटीने दिवसभराचा प्रवास करायचा म्हटला, तरी आधी कोणत्या गोष्टीची काळजी करतो? तेवढ्यावरून कल्पना करावी. कॉमेर्सोंचे सामान एवढे, की जहाजाच्या कप्तानाने आपली स्वतःची खोली त्याला देऊन टाकली, म्हणून तिची थोडी सोय झाली. पण कुजबूज लवकरच सुरू झाली. याला दाढी-मिशी कशी नाही, हा चारचौघांत कपडे का बदलत नाही, धन्याच्या खोलीतच का झोपतो? ती कुजबूज तिने एका उपायाने दाबून ठेवली. पुरुषांनी दमावे एवढे काम ती करीत राहिली.

१७६७ चा डिसेंबर आणि पुढचा जानेवारी जहाजे मॅगेलनच्या सामुद्रधुनीत होती. दक्षिण अमेरिकेचे ते अगदी खालचे टोक. तिकडचा तो उन्हाळा, तरी डोंगरावर बर्फ होते. धन्याचा पाय चालत नव्हता. झान पाठीवर शिधा, बंदूक आणि वनस्पती दाबायच्या कागदांचे गठ्ठे घेऊन ते चढ चढे आणि भारा भरून खाली येई. कॉमेर्सों तिला आपले 'ओझ्याचे जनावर' म्हणे. कौतुकाने म्हणे, असे सांगतात. असेल. आपल्याकडेही 'ती काय, बैलासारखी राबते' हे बाईचे कौतुकच समजले जाते.

१७६८ च्या एप्रिलमध्ये जहाजे ताहिती बेटाला लागली. फ्रेंचांनी हे बेट आपल्या राजाच्या नावे केले. पण वर्षभर आधी वॉलिस नावाचा इंग्रज तेथे येऊन गेला होता, आणि त्याहीपूर्वी शेकडो वर्षे तेथे माणसे सुखाने नांदत होती. 'शोध लावला' हा शब्द आपण पुस्तकात वाचतो, तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. तेथला आहुतोरू नावाचा माणूस आपण होऊन बूगांव्हीलबरोबर पॅरिसपर्यंत गेला. त्याला परत पाठवण्याची व्यवस्थाही झाली, पण वाटेत देवी येऊन तो वारला. घर त्याला पुन्हा दिसले नाही. युरोपचा शोध लावायला निघालेला हा दर्यावर्दी. त्याचे नाव मात्र आपण कधी पाठ केले नाही.

तर, झान धन्यामागून कागदांचे बाड घेऊन किनाऱ्यावर उतरली मात्र, ताहितीच्या लोकांनी तिच्याभोवती गराडा घातला आणि ही बाई आहे असा एकच गलका केला. सव्वा वर्ष बरोबर राहून फ्रेंचांना ज्याची नुसती शंका होती, ते त्यांनी एका नजरेत ओळखले. एका अधिकाऱ्याने तिला कशीबशी होडीपर्यंत आणले. बूगांव्हीलने रोजनिशीत लिहिले आहे, की ती डोळ्यांत पाणी आणून त्याच्यासमोर कबूल झाली. म्हणाली, मी अनाथ, कज्ज्यात सर्वस्व गेले, म्हणून हा वेष घेतला; धन्याला मी फसवले, त्याला काही ठाऊक नव्हते. ही सफर पृथ्वीभोवती जाणार हे मात्र आपल्याला ठाऊक होते आणि त्याचेच कुतूहल वाटले, असेही तिने सांगितले. धन्याला ठाऊक नसणे शक्य नव्हते, हे आपण जाणतो. सगळा दोष तिने आपल्या माथी घेतला. बूगांव्हीलने तिला शिक्षा केली नाही. उलट तिच्या धैर्याची आणि सद्वर्तनाची वाखाणणी केली. जहाजावरच्या शस्त्रवैद्याचे लिखाण मात्र निराळे आहे. त्यावरून खलाशांनी तिचा किती छळ केला ते कळते. त्याबद्दल येथे अधिक बोलत नाही.

पुढचा प्रवास उपासमारीचा. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला प्रवाळाच्या भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज ऐकून जहाजे मागे वळली. शिधा कुजला, उंदीर खाण्याची पाळी आली. दूध देणारी एक शेळी जहाजावर होती, सर्वांची लाडकी. तीही शेवटी कापावी लागली, आणि कापणाऱ्याचे डोळे भरून आले.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जहाजे मॉरिशसला पोचली. तेव्हा ते फ्रेंचांचे बेट होते. पुढच्या शतकात आपल्या कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तेथे आजही आहेत. कॉमेर्सों तेथेच उतरला आणि झानही राहिली. मादागास्करलाही दोघे जाऊन आली. १७७३ साली कॉमेर्सों वारला, आणि परक्या बेटावर ही बाई एकटी पडली. पण रडत बसली नाही. पोर्ट लुई गावात तिने खानावळ-गुत्ता चालवला. रविवारी प्रार्थनेच्या वेळी दारू विकली म्हणून पन्नास लिव्हर दंडही भरला! १७७४ साली एका फ्रेंच शिपायाशी लग्न केले आणि १७७५ च्या सुमारास त्याच्याबरोबर मायदेशी परतली. पृथ्वीला पूर्ण फेरी घातलेली, जिची नोंद आहे अशी ती पहिली बाई. एल्कानोच्या मागून अडीचशे वर्षांनी. बंदरावर तिच्या स्वागताला कोणी नव्हते.

तिला न्याय अगदीच मिळाला नाही असे म्हणू नये. कॉमेर्सोंने निघण्यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात तिला सहाशे लिव्हर आणि घरातले सामान लिहून ठेवले होते. १७८५ साली आरमार खात्याने तिला सालीना दोनशे लिव्हर पेन्शन दिले. ज्या खात्याचा नियम तिने मोडला, त्याच खात्याने तिला असामान्य स्त्री म्हणून गौरवले. १८०७ साली ती वारली.

पण नावाचे काय? त्या दोघांनी जमवलेल्या वनस्पतींचे सहा हजारांवर नमुने पॅरिसला गेले. सत्तरांहून अधिक जातींना कॉमेर्सोंचे नाव आहे. मादागास्करच्या एका झाडाला झानचे नाव द्यावे असे त्याने लिहून ठेवले होते, पण त्या झाडाचे आधीच दुसरे नाव ठरलेले निघाले, आणि हिचे गेले ते गेलेच. अखेर २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एका वेलीला वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे नाव दिले. आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातली ती वेल आहे. सव्वादोनशेहून अधिक वर्षे गेली मध्ये.

आता शेवटचे, थोडे घरगुती. बोगनवेलीचा जो गुलाबी रंग आपण फूल म्हणून पाहतो, तो रंगीत पानांचा असतो. खरे फूल आत, बारीकसे, पांढरट. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसत नाही. हे वाचले आणि मला आपल्या मंडळाची पाककृतींची पुस्तिका आठवली. तिच्या मुखपृष्ठावर संपादिका म्हणून माझे नाव ठळक छापले आहे. आपण सर्वांनी माझे अभिनंदन केलेत, मीही ते घेतले. त्यातल्या अकरा कृती आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी सांगितल्या. त्या हाताने मोजून सांगत होत्या, मी वाटीचे माप लिहून घेत होते. आणखी कितीतरी कृती तुमच्या सासूबाईंच्या, आजींच्या. एकीचेही नाव आत नाही. छापताना ते माझ्या मनातसुद्धा आले नाही. कॉमेर्सोंने निदान एका झाडाला नाव लिहून तरी ठेवले होते!

गेल्या आठवड्यात मी त्या बाईंना विचारले, "तुमचं नाव छापलं तर चालेल ना?" त्या म्हणाल्या, "छापा की. पण पुरतं छापा, नुसतं 'बाई' नको."

दुसऱ्या आवृत्तीचे काम कार्यकारिणीपुढे आहेच. माझी विनंती एवढीच, की प्रत्येक कृतीखाली ती सांगणारीचे पुरते नाव यावे. ज्यांनी कृती दिल्या त्यांनी आज जाण्यापूर्वी दाराशी ठेवलेल्या वहीत नावे लिहावीत. जिला लिहिता येत नसेल तिने सांगावे, मी लिहून घेईन. पहिले नाव मी येतानाच लिहून ठेवले आहे.