एका पिकाचं चर्चा मंडळ : कसं उभारावं, कसं टिकवावं



डाळिंबाच्या बागेवर तेल्या आला, की पहिल्यांदा काय होतं? बागायतदार गप्प बसतो. व्यापाऱ्याला कळलं तर भाव पाडेल, गावाला कळलं तर नाव होईल, गुटी कलमं विकायची असतील तर ती कुणी घेणार नाही, अशी भीती त्याला वाटते. तो एकटाच दुकानात जातो, मिळेल ते औषध आणतो आणि फवारतो. तोवर एक-दोन पाऊस होऊन जातात, वारं सुटतं आणि बांधापलीकडच्या बागेतही पानांवर तेलकट ठिपके दिसू लागतात. तो शेजारीही गप्पच बसतो.

तेल्या हा जिवाणूमुळे होणारा रोग आहे. पावसाच्या उडत्या थेंबांबरोबर तो पसरतो. छाटणीच्या कात्रीबरोबर, मजुरांच्या हातांबरोबर आणि रोगट बागेतून आणलेल्या कलमांबरोबरही जातो. एकदा बागेत शिरला की एका फवारणीत तो मुळापासून जाईल, असं औषध नाही. त्यामुळे तुम्ही आपली बाग कितीही निगुतीनं ठेवली, तरी वाऱ्याच्या बाजूला एक रोगट बाग तशीच राहिली तर तुमचं नुकसान टळत नाही. हा रोग शिवाराचा आहे, आणि शिवारानं एकत्र बोलल्याशिवाय तो आटोक्यात येत नाही. म्हणून आजचा विषय घेतला आहे : एका पिकाच्या शेतकऱ्यांनी आपलं चर्चा मंडळ कसं उभारावं, कसं वाढवावं.

ही कल्पना नवी नाही. कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळं सुरू झाली. सोमवारी रात्री शेजारी-शेजारी एका घरात जमायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि त्यावर चर्चा करायचे. आपल्याकडे १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं तसाच प्रयोग केला. सुमारे १५० गावांत मंडळं बसवली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे कार्यक्रम झाले. मंडळात पंधरा-वीस माणसं असायची. एक अध्यक्ष आणि एक चिटणीस असायचा. ऐकायचं, चर्चा करायची, कृती करायची, हे त्यांचं सूत्र होतं. मंडळानं विचारलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरं मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याची पाहणी केली. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळ असलेल्या गावांत लोकांची माहिती कितीतरी जास्त वाढल्याचं दिसलं. कानावर पडलेलं विसरतं, पण चार माणसांत वाद घालून पटलेलं डोक्यात बसतं, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे १९६० साली आपल्या द्राक्ष बागायतदारांनी राज्याचा संघ काढला. एका पिकाभोवती माणसं जमली, तर खेड्यातल्या अनुभवाचंही शास्त्र तयार होतं, हे त्यांनी दाखवून दिलं. आता आपल्या गावात हे कसं करायचं ते पाहू.

पहिली गोष्ट, विषय एकच ठेवा. 'शेतकरी मंडळ' असं मोघम नाव दिलं, की पहिल्या बैठकीत विजेचं गाऱ्हाणं, दुसऱ्या बैठकीत रस्त्याचं आणि तिसऱ्या बैठकीत निवडणूक निघते. डाळिंबवाला कंटाळून घरी जातो. तेव्हा 'डाळिंब मंडळ' म्हणा. पहिल्या वर्षी त्याहून लहान विषय घ्या : 'हस्त बहार आणि तेल्या'. विषय जितका नेमका, तितका प्रत्येकाजवळ सांगण्यासारखा अनुभव जास्त. पुढे खोडकिडा घ्या, मर रोग घ्या, बाजार घ्या. घाई नको.

दुसरी गोष्ट, सुरुवात थोड्या माणसांनी करा. दवंडी पिटून शंभर माणसं जमवली तर दोघं बोलतात, बाकीचे ऐकतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. आठ-दहा बागायतदारांच्या घरी स्वतः जा. दहा एकरवाला घ्या, तसा पाऊण एकरवालाही घ्या. बागेत रोज हात चालतात ते वाटेकऱ्याचे, सालगड्याचे आणि घरच्या बायांचे. पानावरचा पहिला डाग पुष्कळदा त्यांनाच दिसतो. मालक एकटाच आला, तर अर्धी माहिती घरीच राहिली असं समजा.

तिसरी गोष्ट, दिवस ठरवा आणि तो मोडू नका. पंधरा दिवसांतून एकदा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, रात्री जेवणं झाल्यावर, असं काही ठरवा. चारच माणसं आली तरी बैठक घ्या. 'आज माणसं कमी आहेत, पुढच्या वेळी बघू' असं दोनदा झालं, की मंडळ बसलंच म्हणून समजा.

चौथी गोष्ट, दोन माणसं नेमा. एक अध्यक्ष, दुसरा चिटणीस. अध्यक्षानं प्रश्न विचारायचे आणि स्वतःचं मत शेवटी सांगायचं. गावातला वजनदार माणूस पहिल्यांदा बोलला, की लहान शेतकरी 'होय, तसंच आहे' म्हणून मोकळा होतो. कोपऱ्यात बसलेल्याला नाव घेऊन विचारा, "तुमच्या बागेत पाणी सोडून किती दिवस झाले, दादा? काय दिसलं?" काही जण मात्र वर्षभर नुसतं ऐकतील. त्यांना टोचू नका. ऐकून ते घरी करून बघतात, तोही मंडळाचाच फायदा आहे.

चिटणीसाचं काम वहीचं. वहीत काय लिहायचं? कोणत्या बागेत पानगळ कधी केली, पहिलं पाणी कधी दिलं, पाऊस कधी पडला, फवारणी कसली आणि कधी केली, खर्च किती आला, गुण आला की नाही. न आलेला गुण तर जरूर लिहा. एकाचे पैसे वाया गेले ते वहीत आलं, तर दहा जणांचे वाचतात. ज्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तो वेगळ्या पानावर लिहा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या पानापासून करा. मोबाइलवर डागाचा फोटो पाठवणं सोयीचं आहे, निरोपही झटकन जातो. पण तिथला मजकूर चार दिवसांत खाली जातो. दोन वर्षांनी उपयोगी पडते ती वहीच.

पाचवी गोष्ट, नुसतं बोलू नका, करून बघा. समजा, बोर्डो मिश्रणाचा गुण येत नाही अशी तक्रार निघाली. मग मंडळासमोरच मिश्रण करा. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळा भिजवा, मग एकत्र करा. त्यात लोखंडी खिळा किंवा घासलेला विळा थोडा वेळ बुडवून बाहेर काढा. लोखंडावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला किंवा तो जुना, मेलेला आहे. आणखी चुन्याची निवळी घाला. तासभर वाद घालून जे पटलं नसतं, ते एका खिळ्यानं पटतं. इंडोनेशियात १९८९ साली भातासाठी शेतीशाळा सुरू झाल्या, त्यांचाही पाया हाच होता. आठवड्यातून एकदा शेतात जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी कीड पाहायची आणि मग चर्चा करायची.

बैठक पाळीपाळीनं एकेकाच्या बागेत घ्या. मात्र एक पथ्य पाळा. आधी निरोगी बागेत जा, रोगट बागेत शेवटी जा. पानं ओली असताना आत शिरू नका. कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. तेल्यावर चर्चा करायला निघालेल्या मंडळानंच तेल्या वाहून नेला, असं व्हायला नको.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती विश्वासाची. मंडळाचे चार नेम पहिल्याच दिवशी ठरवा. बैठकीत सांगितलेलं नुकसान पारावर न्यायचं नाही. कुणाला हसायचं नाही. औषधाच्या विक्रेत्याला बोलवायचं असेल तर माहितीसाठी बोलवा, बैठकीत विक्री होऊ देऊ नका. आणि बोलताना 'मी पाहिलं' व 'मी ऐकलं' यांत फरक ठेवा.

एवढ्यानंही भागत नाही. जो पहिल्यांदा म्हणेल, 'माझ्या बागेत तेल्या आलाय', त्याला त्याचा फायदा दिसला पाहिजे. आपल्याकडे सावडीची रीत आहे, इर्जिक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळातले दहा जण त्याच्या बागेत जा. रोगट फळं तोडा, खाली पडलेली फळं आणि पानं गोळा करून बागेबाहेर जाळून टाका. एका दिवसात काम उरकेल. 'सांगितलं तर मदत येते' हे एकदा गावाला दिसलं, की लपवालपवी कमी होते. 'सांगितलं तर बोल लागतो' हे दिसलं, तर मात्र पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी काही सांगणार नाही. मंडळ नावालाच उरेल.

मग मोठे निर्णयही घेता येतात. मृग बहाराची फळं ऐन पावसात वाढतात, म्हणून तेल्याला ती जास्त बळी पडतात. हस्त बहारात फळांची बहुतेक वाढ कोरड्या दिवसांत होते. पण पाणी टिकत नसेल त्याला हस्त बहार झेपत नाही. कुणी कोणता बहार धरायचा, बागांना तीन-चार महिन्यांची विश्रांती एकदमच कशी द्यायची, छाटणी झाल्यावर बोर्डोची फवारणी सगळ्यांनी एकाच आठवड्यात कशी घ्यायची, या गोष्टी एकट्यानं ठरत नाहीत. मंडळात ठरतात.

आता वाढीबद्दल. पहिला हंगाम पार पडला की शेजारच्या वाडीतली माणसं आपण होऊन येऊ लागतात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एखादं काम द्या. वहीत नोंद करायला सांगा, पुढची बैठक त्याच्या बागेत ठेवा. काम मिळालं की माणूस आपला होतो. संख्या वीसच्या वर गेली तर एकाची दोन मंडळं करा आणि महिन्यातून एकदा दोघांनी एकत्र बसा. त्यात कमीपणा नाही. दाटीत लावलेली झाडं विरळ केली तरच फळ धरतं. कुणी यायचा बंद झाला तर त्याच्या घरी जाऊन विचारा. पुष्कळदा राग नसतो, कामाची धांदल असते. आणि राग असेल, तर तो उंबऱ्यावर बसूनच निघतो.

शेवटी तज्ज्ञांविषयी. सोलापूरला २००५ सालापासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, ठिकठिकाणी कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एकटा माणूस गेला तर 'साहेब, औषध सांगा' एवढंच विचारतो. मंडळ वही घेऊन गेलं, तर पंधरा बागांच्या नोंदी पुढे ठेवून विचारतं, 'या पाच बागांत रोग कमी का, आणि या दहांत जास्त का?' अशा प्रश्नाला उत्तरही तसंच तोलामोलाचं मिळतं.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१. पीक एक, विषय नेमका.
२. सुरुवात आठ-दहा जणांनी. वाटेकरी आणि बाया यांच्यासह.
३. दिवस ठरलेला, चार जण आले तरी बैठक.
४. अध्यक्षानं शेवटी बोलावं. चिटणीसानं सगळं लिहावं.
५. निरोगी बाग आधी, रोगट बाग शेवटी.
६. रोग सांगणाऱ्याला बोल नको, मदत द्या.

येत्या बाजाराच्या दिवशी तुमच्याच पिकाचे दोन शेतकरी गाठा. चहा घेता घेता विचारा, 'यंदा तुमच्या बागेत काय चाललंय?' तिघांचं मंडळ तिथंच सुरू झालं. चौथ्याला तुम्ही घेऊन या.